कोबीचा रस आणि अळणी कालवण

माझं अंग फुगत होतं तेव्हा मी दिवसाला दीड भाकरी खात होते. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना सांगितलं, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडावर दर वेळी तेच बारीक हसू पाहिलं. "असंल बया, असंल," म्हणतात, आणि नजर माझ्या दंडावरून पोटाकडं जाते. त्या हसण्याचा मला राग आहे. आता मी बरी आहे, तरीही आहे. हे लिहिताना तो लपवायचा नाही असं ठरवलं आहे. वाचणाऱ्यांत एखादी बाई अशी असेल, जिला आज तेच हसू सोसावं लागतंय. तिला समजूतदार उपदेशाचा काही उपयोग नाही. तिला कुणीतरी एवढंच सांगायला हवं की बाई, तू खोटं बोलत नाहीस.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी, सासर बारामतीजवळचं कन्हेरी. दोन्ही घरं मूळची मेंढरांची. माहेरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी शाळेत असेपर्यंत कळप राखला, मग विकला आणि शेती धरली. सासरच्यांनी मेंढरं कधीच सोडली होती. त्यांच्या रानात बारमाही पाणी, आणि त्यावर कोबी, फ्लॉवर, टोमॅटो. दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली. एसटीनं जाऊन-येऊन बारामतीच्या कॉलेजात बी.ए. केलं. ज्या आबांनी मला शिकू दिलं आणि ज्या शिक्षकांनी शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण आजारपणात माझ्या पदवीचा सगळ्यांत जास्त उपयोग टोमणे मारायला झाला, हेही खरं आहे.

अंग भरलं

सुमितच्या वेळचं बाळंतपण माहेरी झालं. नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आईनं डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, शेक-शेगडी केली. मी चांगली होते. बाळाला घेऊन कन्हेरीला परतले तेव्हा कमरेत वाकून अंगण झाडत होते.

त्यानंतर कधीतरी ते सुरू झालं. कधी, ते सांगता येत नाही. हा आजार दार वाजवून येत नाही. आधी पोटऱ्या जड वाटायला लागल्या. मग चेहरा गोल झाला. शेजारणी खूश झाल्या. "बाळंतपण अंगाला लागलं गं," म्हणाल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्याही खूश होत्या. सून वाळकी होती ती भरली, म्हणजे घरात खायला-प्यायला आहे हे चारचौघींना दिसलं.

माझा गळाही भरला. लग्नातली ठुशी गळ्याला काचायला लागली, तेव्हा आत्याबाईंनी तिचा गोंडा सैल करून दिला आणि कौतुकानं म्हणाल्या, "आता कशी शोभतीया. आधी नुसती हाडावर लोंबत व्हती." माझ्या गळ्यात गाठ वाढत होती आणि आम्ही ठुशी सैल करत होतो. घरातल्या बायांनी तो गळा रोज पाहिला. मीही आरशात रोज पाहिला. भरलेला गळा म्हणजे सुख, असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. कुणाला भीती वाटणार कशी?

मग केस गळायला लागले. टाचा फुटल्या. भर चैत्रात, बाकीची माणसं अंगणात उघडी पडलेली असताना, मी शाल पांघरून बसायचे. आवाज घोगरा झाला. बोलता बोलता शब्द सापडेनासे झाले. एकदा मी पक्कड मागायला उभी राहिले आणि 'पक्कड' हा शब्दच आठवेना. हातानं खूण केली. नणंद हसली, "बी.ए.च्या पुस्तकात न्हवती व्हय वैनी, पक्कड?"

मीही हसले. तेव्हा मला अजून राग यायचा नाही. राग यायलासुद्धा अंगात ऊब लागते.

चूल

कौतुक फार दिवस टिकलं नाही. अंग भरायचं थांबलं नाही, तेव्हा त्याच तोंडांनी दुसरं बोलायला सुरुवात केली. "नुसतं बसून खाती." "पोर झालं की कामाला बाहेरच पडायचं न्हाय, असं हाय शिकलेल्यांचं." ताटात किती आहे हे आत्याबाई वाकून बघायच्या. कमी दिसलं की म्हणायच्या, "हितं कमी खाती, मग चुलीपाशी काय करती ते देवाला ठावं."

मी चुलीपाशी झोपत होते. हे मला तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. बसल्या जागी डोळा लागायचा. भाकरी थापताना लागायचा, बाळाला पाजताना लागायचा.

एका दुपारी कालवण चुलीवर होतं. सुमित रांगत होता. मी भिंतीला टेकून बसले आणि झोपले. त्यानं बाहेर ओढलेल्या निखाऱ्यावर हात ठेवला. तो किंचाळला. नणंद परसातून धावत आली, आणि मी, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेली त्याची आई, तिनं खांदा धरून हलवल्यावर जागी झाले.

तळहातावर फोड आला होता. मोठा नव्हता. आज व्रणही दिसत नाही. पण त्या दिवसापासून सुमितला आत्याबाईंनी आपल्याकडं घेतलं. त्यांच्याजवळच झोपायचा. त्याला वरचं दूध सुरू केलं. मी घ्यायला गेले की त्या पाठ वळवायच्या. "राहू दे. आणि झोपशील."

मी आमच्या ह्यांच्याकडं, सुमितच्या वडिलांकडं पाहिलं. ते बूट काढत होते. बूट काढायला त्यांना फार वेळ लागला.

रस

त्याच सुमाराला गावात देवळापुढच्या पटांगणात निसर्गोपचाराचं शिबिर भरलं. चालवणारे गृहस्थ बाहेरगावचे होते, बोलणं गोड होतं. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. चहात साखर कमी घाला, पायी चाला, तळलेलं टाळा, हे कुणीही मान्य करील. पण त्यांच्याकडं प्रत्येक माणसाला एकच मोजमाप होतं. जाडा माणूस म्हणजे जास्त खाणारा माणूस.

आत्याबाई मला पुढं घेऊन गेल्या. काकांनी माझी नाडी पाहिली नाही, गळा पाहिला नाही. सगळ्या गावासमोर विचारलं, "ताई, खरं सांगा, चोरून काय खाता?"

लोक हसले. मी दीड भाकरी सांगितली. ते म्हणाले, "शरीर खोटं बोलत नाही."

ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. शरीर खोटं बोलत नव्हतंच. ते ओरडून सांगत होतं. पण ह्या माणसाला ऐकायला येत नव्हतं.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मीठ बंद, कारण मिठानं अंग सुजतं. आणि सकाळ-संध्याकाळ कच्च्या कोबीचा रस, कारण कोबीनं चरबी झडते. जेवण अर्धं. औषध कसलंच नाही, कारण सगळं झाडपाल्यात आहे आणि झाडपाला कुणाला बाधत नाही.

हे आमच्याच घरात इतकं सोपं होतं, म्हणून सांगते. दुसऱ्या गावात कुणी एवढा कोबी आणला नसता. आमच्याकडं त्या हंगामात रानभर कोबी उभा होता आणि बाजारात त्याला कुणी विचारत नव्हतं. आत्याबाई पाटीभर गड्डे आणायच्या, पाट्यावर वाटायच्या, पंचातून पिळायच्या आणि तांब्या भरून मला द्यायच्या. त्यात वाईट हेतू नव्हता. स्वतःचे हात दुखेपर्यंत त्या वाटत होत्या. मला ह्याचाच जास्त राग येतो. वाईट हेतूनं कुणी काही दिलं तर ते फेकून देता येतं.

मीठ आमच्याकडं आधीपासून आठवडी बाजारातलं जाडं, खड्याचं. पिशवीतलं आयोडीनचं मीठ म्हणजे शहरातल्यांची चैन समजायचे. तेही आता बंद झालं. सगळ्यांचं कालवण काढून झालं की माझ्यासाठी वेगळी अळणी आमटी असायची. घरातल्या सगळ्यांच्या ताटाचा वास एक आणि माझ्या ताटाचा वेगळा.

मी रस पीत राहिले. का? कारण सुमित. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "अंग उतरलं, हलकी झालीस, की पोर तुझं तुझ्यापाशी." मला तो तांब्या म्हणजे सुमितपर्यंत जायचा रस्ता वाटत होता. म्हणून शेवटचा घोटही सोडला नाही.

अंग उतरलं नाही. चेहरा इतका सुजला की डोळे बारीक झाले. जीभ जड झाली. हात दगडासारखे गार पडले. जिना नव्हताच घराला, पण दाराचा उंबरा ओलांडतानाही धाप लागायची. कमी खात होते आणि वाढत होते, आणि जितकी वाढत होते तितकं ताट आणखी कमी होत होतं.

शेवटी आत्याबाईंनी आबांना निरोप धाडला: लेक घेऊन जा.

आबा एसटीनं आले. मला दारात बघून ते थांबले. मग माझ्याशी न बोलता आत्याबाईंना म्हणाले, "पोरगं?"

"पोरगं राहील हितं. तिची तिला सुद न्हाय. बरी हू द्या, उतरू द्या, मंग बघू."

"आईबिगर?"

"आई हाय कुठं? जागी असती का ती?"

सुमित आत्याबाईंच्या कडेवर होता. मी हात पुढं केला तर त्यानं माझ्या सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांच्या खांद्यात डोकं खुपसलं.

निदानाचा दिवस

निरवांगीला नेल्यावर आबांनी मला आधी कळंबला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावली, लाल औषधाचं इंजेक्शन दिलं आणि "जरा खाण्यावर ताबा ठेवा" म्हणाले. आबा बाहेर येऊन म्हणाले, "खाण्यावर ताबा? परवापासनं लेकरानं पोटभर खाल्लं न्हाय." मग त्यांनी बारामती गाठायचं ठरवलं. तिथं एक डॉक्टरीण बाई नव्यानं दवाखाना टाकून बसल्या होत्या.

त्या दिवसाचं मला सगळं आठवत नाही. माझं डोकं तेव्हा धुक्यात होतं. पण त्यांचे प्रश्न आठवतात, कारण ते प्रश्न त्याआधी एकाही माणसानं विचारले नव्हते.

"थंडी वाजते का?"

"व्हय." मी शहरात शुद्ध बोलते, पण त्या दिवशी तोंडातून घरचंच आलं.

"आवाज पूर्वीपासून असाच?"

"न्हाय. मी कॉलेजात गाणं म्हणायची."

त्यांनी मला पाण्याचा घोट घ्यायला लावला आणि गिळताना गळ्याकडं पाहत राहिल्या. घोट्यामागं छोट्या हातोडीनं मारलं. पाय हलला, पण परत जागेवर यायला त्याला वेळ लागला, माझ्यासारखाच. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"किती खाता?"

मी सांगितलं, आणि हसण्याची वाट पाहिली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तेवढंच खात असणार तुम्ही."

मी रडले. तोवर त्या आजारात मी वेदनेनं कधी रडले नव्हते. त्या वाक्यानं रडले.

रक्त पुण्याला पाठवलं, आणि अहवाल आला तो त्यांनी सांगितल्यासारखाच आला. गळ्यातली थायरॉईड नावाची ग्रंथी काम करेनाशी झाली होती. त्यांनी मला कंदिलाचं उदाहरण दिलं. वात खाली केली की कंदील मिणमिणतो, तेल जळत नाही, तसंच भांड्यात पडून राहतं. ही ग्रंथी म्हणजे वात वर-खाली करायची किल्ली. ती खाली गेली की अन्न जळत नाही, अंग गार पडतं, नाडी मंदावते, डोकं मंदावतं. अंगात साठतं तेही सगळं चरबीचं नसतं, पुष्कळसं पाणी असतं. आणि अशा माणसाला उपाशी ठेवलं की शरीर आहे ती वातही आणखी खाली करतं.

आबांनी कोबीचं विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "आजार कोबीनं झालेला नाही, हे नीट लक्षात घ्या. काही बायकांना बाळंतपणानंतर असं होतं. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं. पण कच्च्या कोबीत असं काही असतं की ते ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाही. शिजवला की त्यातलं बरंच निघून जातं, भाजी खाल्ली तर काही बिघडत नाही. तुम्ही तांब्यानं कच्चा रस प्यायलात. वर मीठ नाही. जे होतं तेही आयोडीनशिवायचं. आधीच मिणमिणत होतं, त्यावर तुम्ही झाकण ठेवलंत."

"झाडपाला कुणाला बाधत नाही म्हणाले होते," मी म्हणाले.

"ज्याचा गुण येतो ते बाधूही शकतं," त्या म्हणाल्या. "ज्यानं काहीच होत नाही, ते कशाला घ्यायचं?"

आबा इतका वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी माझ्या मेंढरांना मीठ चाटाय देत व्हतो वो. दर अमावास्येला. आन् ह्यांनी माझ्या लेकीला अळणी घातलं."

ते मीठही जाडंच होतं, त्यात आयोडीन नव्हतं, हे मला आता कळतं. पण आबांचं म्हणणं आयोडीनबद्दल नव्हतं.

दवाखाना

नाडी फार मंद होती आणि रक्त कमी होतं, म्हणून मला काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. खोलीत दोन खाटा. सकाळी आया फरशी पुसायची, मग नर्स काखेत तापमापक ठेवायची आणि दर वेळी तो झटकून पुन्हा ठेवायची, कारण आकडा इतका खाली यायचा की तिचा विश्वास बसायचा नाही. मला मरायची भीती वाटत नव्हती. भीती वाटायलाही डोकं ताजं लागतं. एकच भीती अधूनमधून धुक्यातून वर यायची: मी बरी होईपर्यंत सुमित मला विसरेल.

तिथली एक गोष्ट जपून ठेवली आहे. पहिल्या दुपारी आयानं वरण-भात आणला. मी पहिला घास घेतला आणि थांबले. "काय झालं, खारट हाय का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. मीठ बरोबर होतं. किती महिन्यांनी ते जिभेला लागलं होतं. मी तो भात इतका सावकाश खाल्ला की ती म्हणाली, "बाई, ताट धुवायचंय मला, चाटून पुसून ठेवा म्हणजे बरं पडंल."

दूध

गोळी सुरू झाली. जन्मभर घ्यायची, पहाटे उठल्यावर उपाशीपोटी, एवढंच मला समजलं आणि मी आईला तसंच सांगितलं.

आईला ते पटलं नाही. "उपाशीपोटी गोळी? पेटंल की पोट. उष्ण असतात ह्या." आमच्याकडं औषध म्हणजे उष्ण आणि उष्णावर उतारा दूध, हे इतकं ठरलेलं आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. आई रोज पेलाभर दूध घेऊन उभी राहायची. रक्तवाढीची गोळीही त्याच घोटाबरोबर द्यायची, एकदाच काय ते उरकावं म्हणून.

दोन महिने गेले. मी होते तशीच राहिले. मधे हे एकदा सुमितला घेऊन आले. सुमितनं मला ओळखल्यासारखं केलं, मग आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, पदराशी खेळत बसला. ह्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "फरक न्हाय की."

"गोळी चालू आहे."

"आई म्हणती, गोळ्यांनीच जास्त सुजलीस. रस सोडायला नको हुता."

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

ते गप्प राहिले. माणूस वाईट नाही. पण त्या वेळी त्यांचं गप्प बसणं हे आत्याबाईंच्या बोलण्यापेक्षा मला जड गेलं, आणि हे मी त्यांना वाचून दाखवूनच छापायला देते आहे.

पुन्हा बारामतीला गेलो. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, गोळी कशी घेता विचारलं, आणि दुधाचं ऐकून कपाळाला हात लावला. दूध आणि लोह, दोन्ही त्या गोळीला पोटातच अडवतात, अंगात उतरू देत नाहीत. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर अर्धा तास चहाही नाही, आणि लोहाची गोळी दुपारी उशिरा. "हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. माझ्या सगळ्या आजारपणात स्वतःची चूक कबूल करणारं तेवढं एकच माणूस मला भेटलं.

परतताना एसटीत आई म्हणाली, "दूधच दिलं गं मी." तिच्यावर मी कशी रागावणार? मी तिचा हात धरला. आणि जो राग तिच्यावर काढता येत नव्हता, तो मी जपून ठेवला.

उतरली

पाण्याबरोबर गोळी घ्यायला लागले आणि काही आठवड्यांतच मला पहिल्यांदा उकडलं. वैशाख होता. मी शाल काढून फेकली आणि आईला हाक मारली, "आई, उकडतंय." आई पंखा शोधत हसत होती. मग शब्द परत आले. मग सूज उतरली. भूक वाढली. मी तीन भाकऱ्या खाऊ लागले आणि हलकी होऊ लागले. कुणी हिशोबाला बसलं असतं तर त्यांचं सगळं शास्त्र तिथंच चुकलं असतं.

माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल, तर तिला एवढं सांगते. थंडी वाजत असेल, झोप आवरत नसेल, आवाज बसला असेल, गळा भरला असेल, तर रक्त तपासून घे. वजनाची चर्चा नंतर कर. गोळी पाण्याबरोबर घे. मीठ पिशवीतलं आण. आणि भाजी खुशाल खा, शिजवून.

मी कन्हेरीला परतले. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या शेजारच्या घराकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "बघा, कशी उतरली. तवा रस पिऊन घेतला त्याचा गुण आत्ता आला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण आठवड्याभरात सगळं गाव तेच बोलत होतं. कोबीच्या रसानं सून उतरली. बाया विचारायला यायच्या आणि आत्याबाई कौतुकानं कृती सांगायच्या: किती गड्डे, कसा पंचा. शेजारच्या घरातली कमळ नुकतीच बाळंत होऊन आली होती, चेहरा सुजट होता, बोलताना दम घ्यायची. तिच्या सासूनं पाटा धुऊन ठेवला होता.

आणि काका पुन्हा आले. पुन्हा शिबिर. ह्या वेळी मला पुढं बसवायचं ठरलं होतं, गुण आलेली म्हणून.

हे आदल्या दिवशी मला म्हणाले, "काही बोलू नको. हो म्हण आणि उठ. आई सुमितला तुझ्यापाशी झोपवायला तयार झालीया. कशाला मोडतीस?"

खरं होतं ते. सुमित अजून आत्याबाईंच्याच कडेवर होता. मी सभेत त्यांना खोटं पाडलं, तर तो तिथंच राहणार होता.

पटांगणात काकांनी मला उभं केलं. "ताई, सांगा सगळ्यांना, काय घेतलं आणि काय झालं." आत्याबाई समोरच्या रांगेत होत्या, सुमित मांडीवर. त्यांच्यामागं कमळ बसली होती. तिनं भर उन्हात अंगाभोवती शाल घेतली होती.

ती शाल पाहिली आणि मला राग आला. खरा, गरम, अंगभर. इतके महिने साठलेला.

मी म्हणाले, "रस घेतला आणि मी मरायला टेकले. आबांनी बारामतीला नेलं. मला थायरॉईडचा आजार आहे. मी रोज एक गोळी घेते, त्यानं बरी झाले. जन्मभर घेणार आहे. आणि काका, मी चोरून काहीही खात नव्हते."

काका हसून म्हणाले, "औषधाचा थोडाफार उपयोग झाला असेल. पण मूळ शुद्धी रसानं केली. शिकलेल्यांची श्रद्धा कमी पडते, त्याला काय करायचं?"

"शिकलेली आहे म्हणून तर सांगतेय," मी म्हणाले. "कमळ, तू रस पिऊ नकोस. आधी गळा दाखव."

आत्याबाई उठल्या. सुमितला कडेवर घेऊन गर्दीतून वाट काढत घराकडं चालू लागल्या. मागं वळून पाहिलं नाही. हे माझ्याकडं बघत होते, त्या नजरेत 'झालं समाधान?' एवढंच होतं. मी त्यांच्याही शेजारून निघाले. वाटेत ती जुनी धाप लागली नाही.

घरी आले तर सुमित ओसरीवर एकटा बसून टाळ्या पिटत होता. आत्याबाई गोठ्यात होत्या. सकाळी कमळच्या रसासाठी आणून ठेवलेली कोबीची पाटी त्यांनी म्हशीपुढं उपडी केली होती आणि पायानं गड्डे सारत होत्या. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही.

मी उभी राहिले. मला वाटलं, आता बोलतील. जे काय असेल ते बोलतील आणि मीही बोलेन, सगळंच, निखारा आणि तांब्या आणि अळणी आमटी.

"ती तुझी डॉक्टरीण," त्या म्हशीकडं बघत म्हणाल्या, "कंच्या वारी बसती?"

"रविवार सोडून रोज."

"कमळीला न्यायला पायजे. तिचा गळा मला बी बरा दिसत न्हाय." मग म्हणाल्या, "आन् ते पोरगं घे आधी. माझं हात शेणाचं हायती."

माफी त्यांनी त्या दिवशी मागितली नाही, नंतरही नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला असं लिहून मी कुणाला फसवणार नाही. पण त्या दिवशी मी ओसरीवर आले आणि सुमितला उचललं. तो चांगलाच जड झाला होता. त्या घरात वाढलेल्या वजनाचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.